आता कोण? : डोळ्यांनी न बघणाऱ्याला नाच सांगताना

"तू जरा गप्प बसशील का? मला काही ऐकूच येत नाहीये."

पुण्यातल्या एका नाट्यगृहात, चौथ्या रांगेत, कथकचा कार्यक्रम सुरू होऊन दहा मिनिटं झाल्यावर माझ्या मावशीने मला हे ऐकवलं. तेव्हा मी तिच्या कानाशी लागून अगदी मन लावून काम करत होतो. 'आता उजवा हात वर नेला, आता गिरकी, एक, दोन, तीन, आता डावीकडे गेली, ओढणी लाल आहे...' असं माझं चाललं होतं. मला वाटत होतं, मी तिला नाच दाखवतोय. प्रत्यक्षात मी तिच्या आणि घुंगरांच्या मध्ये येत होतो.

मावशीला रेटिनायटिस पिगमेंटोझा आहे. या आजारात साधारणपणे आधी रात्रीचं दिसणं कमी होतं, मग बाजूचं. नळीतून बघावं तशी नजर अरुंद होत जाते. तिचं निदान झालं तेव्हा ती माझ्या आजच्या वयाची होती, अठ्ठावीस-एकोणतीस. आता तिला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. बँकेतली नोकरी तिने स्क्रीन रीडरच्या जोरावर पूर्ण केली. फोन ती टॉकबॅकवर इतक्या वेगाने ऐकते की शेजारच्याला ती मराठी आहे की मॅन्डरिन ते कळत नाही. आणि हे सगळं होण्याआधी ती नऊ वर्षं कथक शिकली होती.

गाण्याच्या बैठकीला ती जाते, नाटकालाही जाते. नाचाला मात्र जवळजवळ वीस वर्षं गेली नव्हती. "नाटकात निदान माणसं बोलतात रे," असं ती म्हणायची. या वेळी मीच हट्टाने तिकिटं काढली. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, ॲप्स बनवतो, ॲक्सेसिबिलिटीवरची दोन ट्रेनिंग्ज केलेली आहेत. मला वाटलं, यात काय अवघड आहे? जे दिसतं ते सांगायचं.

जे दिसतं ते सांगायचं, हेच चुकतं कुठे, त्याबद्दल हा लेख आहे.

अर्धा नाच ऐकू येतो

मी गप्प बसल्यावर पहिला अर्धा तास मावशी मजेत होती. कथकमध्ये नाचणारी व्यक्ती रचना नाचण्याआधी तिचे बोल तोंडाने म्हणून दाखवते. याला पढंत म्हणतात. म्हणजे तोडा किंवा परण आधी शब्दांत येतो, मग पायांत. ज्याने ऐकलंय त्याला पुढे काय येणार ते ठाऊक असतं. समेवर पाय पडतो की नाही, हे बघायला डोळे लागत नाहीत. एका चक्रदार तिहाईला मावशीने माझ्या आधी 'आहा' म्हटलं. मी चकरा मोजत होतो, ती मात्रा मोजत होती. एका ठिकाणी ती पुटपुटली, "डावा पाय हलका पडतोय हिचा." मला दोन्ही पाय सारखेच दिसत होते.

त्या क्षणी माझ्या डोक्यात एक सोपा लेख तयार झाला होता: आपल्या परंपरेत सगळं आधीपासूनच आहे, कथक तर जन्मतःच ॲक्सेसिबल आहे, वगैरे. मग गतभाव सुरू झाला आणि तो लेख तिथेच संपला.

गतभावात एकच नर्तकी सगळी पात्रं करते. त्या दिवशी द्यूताचा प्रसंग होता. युधिष्ठिर, शकुनी, दुःशासन, द्रौपदी, सगळे एकाच शरीरात. एका पात्रातून दुसऱ्यात जायचं ते पलटा घेऊन. एक छोटं वळण, आणि मघाशी फासे टाकणारा हात आता कपाळाला लागलेला असतो. वाद्यांचा लेहरा मात्र तोच, गोल गोल फिरत राहणारा. तबल्याने फासे पडल्याचा आवाज काढला तेव्हा मावशी म्हणाली, "फासे." दुसऱ्यांदा पडले तेव्हा ती पुढे सरकून बसली. मग तबला एकदम हळू झाला, पाय थांबले, आणि रंगमंचावर जे काही घडत होतं ते पूर्ण मूक झालं. सभागृह श्वास रोखून बघत होतं. मावशीने माझं मनगट धरलं आणि विचारलं,

"आता कोण?"

मी मघाची दटावणी लक्षात ठेवून गप्प होतो. मग घाईघाईत सुरू झालो, "ती ना आता वळली, हात असा समोर धरलाय, म्हणजे काहीतरी ओढल्यासारखं..." तेवढ्यात पुढचा पलटा झाला होता. तिला एकच शब्द हवा होता: दुःशासन. आणि मग दुसरा: द्रौपदी. मी चौदा-पंधरा शब्द खर्च केले आणि ते दोन दिले नाहीत.

घरी येताना रिक्षात ती चिडलेली नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. "नाचाला येत नाही ते यासाठीच," एवढंच ती म्हणाली. "ऐकू येतं तेवढं ऐकते, आणि जिथे खरं काही घडतं तिथे बाहेर उभी असते."

भिंग आणि शोधा

आमच्या कामात एक साधा नियम आहे. स्क्रीनवर भिंगाचं चित्र असलेलं बटण असेल तर स्क्रीन रीडरसाठी त्याला 'भिंग' असं नाव द्यायचं नाही, 'शोधा' असं द्यायचं. ते कसं दिसतं याच्याशी वापरणाऱ्याला देणं-घेणं नसतं. ते काय करतं, हे हवं असतं. मी हा नियम नव्या मुलांना शिकवतो. आणि नाट्यगृहात मी दीड तास 'भिंग, भिंग, भिंग' म्हणत बसलो होतो. 'वळली' हे भिंग. 'द्रौपदी' हे शोधा.

थेट रंगमंचावरच्या श्राव्य वर्णनाचा, म्हणजे ऑडिओ डिस्क्रिप्शनचा, इतिहास वाचला तर या गोंधळाचं मूळ सापडतं. अमेरिकेत मार्गारेट फॅनस्टील या स्वतः दृष्टी गमावलेल्या बाईंनी १९७४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये अंधांसाठी रेडिओवरून वाचून दाखवण्याची सेवा सुरू केली होती. १९८१ मध्ये तिथल्या अरिना स्टेज या थिएटरमध्ये शॉच्या 'मेजर बार्बरा' नाटकाला त्यांच्या संस्थेने वर्णन पुरवलं. प्रेक्षकाच्या कानात छोटा रिसीव्हर, आणि संवादांच्या मधल्या फटींत वर्णनकाराचा आवाज. तिथून या क्षेत्राची शिस्त तयार होत गेली आणि तिचा गाभा असा: जे दिसतं ते सांगा, स्वतःचं मत घालू नका, अर्थ ऐकणाऱ्याला लावू द्या.

नाटकासाठी ही शिस्त उत्तम आहे, कारण नाटकात संवाद असतात. वर्णनकाराला मोजक्या फटी मिळतात, त्यामुळे तो आपोआप काटकसर करतो. नाचात संवादच नाहीत. सगळी फटच. त्यामुळे 'जे दिसतं ते सांगा' म्हटलं की नळ उघडा राहतो, माझा राहिला तसा. शिवाय डोळा एका क्षणात मान, हात, पाऊल, नजर, प्रकाश सगळं घेतो. शब्द एकामागून एक येतात. द्रुत लयीत तीनतालाचं अख्खं आवर्तन चार-पाच सेकंदांत संपतं. 'उजवा हात खांद्यापासून लांब जातो' हे वाक्य पूर्ण होईपर्यंत सोळा मात्रा उलटून गेलेल्या असतात. म्हणजे नाचात सगळं सांगणं शक्यच नाही. निवडावं लागतं. आणि निवड केली की मत आलंच. मी हात सांगितला आणि नजर सांगितली नाही, यात तटस्थपणा कुठे आहे?

पण मग याच्या उलट टोकाला जाऊन कविता करत बसायची का? तेही मावशीवर करून पाहिलं. कार्यक्रमानंतर काही दिवसांनी आम्ही यूट्यूबवर एक जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि मी जरा रंगात येऊन म्हटलं, "आता ती खूप दुःखी आहे." मावशी म्हणाली, "दुःखी आहे की नाही ते मी ठरवेन. मान कुठे झुकली ते सांग. आणि बघतेय कुठे?"

तेव्हा मला कळलं की भिंगाचा नियमही अर्धाच पुरतो. बटणाचं दिसणं टाकून देता येतं, नाचाचं नाही. मावशीला कधी फक्त नाव हवं होतं, कधी मानेचा कोन हवा होता, कधी काहीच नको होतं. ती 'बघतेय कुठे' हे विचारत होती कारण हातामागे नजर जाते आणि नजरेमागे मन, हा अभिनयदर्पणातला नियम ती नऊ वर्षं घोकली होती. नजर कळली की बाकीचं शरीर ती स्वतःच उभं करू शकत होती. तिच्याकडे तिचा प्रश्न होता. मी तो न विचारताच उत्तरं देत सुटलो होतो.

चार रेडिओ एकदम

हा प्रश्न नाच बसवतानाच विचारणारी मंडळी आहेत का, हे शोधताना मी अमेरिकेतल्या 'कायनेटिक लाइट' या गटापर्यंत पोचलो. ॲलिस शेपर्ड यांनी २०१६ मध्ये तो सुरू केला. त्या आधी पेन स्टेट विद्यापीठात साहित्याच्या प्राध्यापक होत्या. नोकरी सोडून नृत्याकडे वळल्या. त्या व्हीलचेअर वापरतात, व्हीलचेअरमधूनच नाचतात. त्यांची 'डिसेंट' ही कलाकृती रोदँच्या व्हीनस आणि अँड्रोमिडा यांच्या शिल्पावरून सुचलेली. २०१८ मध्ये न्यूयॉर्क लाइव्ह आर्ट्समध्ये तिचे प्रयोग झाले. शेपर्ड आणि लॉरेल लॉसन या दोघी एका मोठ्या लाकडी रॅम्पवर नाचतात. त्याला चढ आहे, वळणं आहेत, कडा आहेत. हा रॅम्प ओलिन कॉलेज या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांच्या मदतीने तयार झाला. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी जे प्रोजेक्ट केले ते आठवून मला थोडी लाज वाटली.

मी 'डिसेंट' प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. त्याचे तुकडे आणि त्याबद्दलच्या चर्चा पाहिल्या-वाचल्या आहेत. पण माझ्या विषयासाठी त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट रंगमंचावर नाही, फोनवर आहे. लॉसन या नर्तकी आहेत तशाच तंत्रज्ञही आहेत. त्यांच्या नेतृत्वाखाली या गटाने 'ऑडिमन्स' नावाचं ॲप उभं केलं. त्यामागचा विचार असा: डोळ्यांनी बघणारा प्रेक्षक नाचाकडे एकाच ठिकाणी बघत नाही. तो कधी हाताकडे बघतो, कधी चेहऱ्याकडे, कधी दोघींमधल्या अंतराकडे. मग कानांनी बघणाऱ्याला एकच आवाज, एकच वर्णन का? ऑडिमन्समध्ये एकाच नाचाचे अनेक ध्वनिमार्ग असतात. एकात हालचालीचं नेमकं वर्णन, दुसऱ्यात काव्यात्म मजकूर, तिसऱ्यात नाचणाऱ्यांच्या शरीराचे आणि चाकांचे आवाज. ऐकणाऱ्याने आपल्याला हवा तो निवडायचा, एकातून दुसऱ्यात जायचं, मिसळायचे.

इंजिनिअर म्हणून मला हे फार आवडलं. ही रचना ऐकणाऱ्याला 'लाभार्थी' मानत नाही, प्रेक्षक मानते. त्याला कंटाळायचा, चुकीच्या ठिकाणी बघायचा, दुसरंच काही ऐकायचा हक्क देते. आपण डोळस लोक हा हक्क रोज वापरतो. आणि वर्णन इथे नाच पूर्ण झाल्यावर चिकटवलेलं लेबल राहत नाही. तेही नाचाइतकंच रचलेलं असतं.

मावशीला हे उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "चार रेडिओ एकदम?"

तिच्या या शंकेत तथ्य आहे आणि ती मला टाळायची नाही. निवड ही सोय असते, तसं ते कामही असतं. ज्याने कधी नाच पाहिलेलाच नाही, त्याने कोणता मार्ग निवडायचा? जन्मापासून न दिसणाऱ्याला आणि तिशीनंतर दृष्टी गेलेल्या माझ्या मावशीला एकच यादी कशी चालेल? शिवाय कानात इअरफोन घातला की घुंगरू गेले. आवाज हेच ज्यांच्यासाठी रंगमंच आहे, त्यांच्या कानावर आपण पडदा टाकणार. एका कानात इअरफोन आणि दुसरा मोकळा हा उपाय आहे, पण मग उजवी-डावीकडून येणारा आवाज गडबडतो, आणि कोण कुठे आहे ते कळण्याचं तेच तर साधन.

थोडा विचार करून मावशी पुढे म्हणाली, "पण बघणाऱ्यांना तरी कुठे बघायचं ते कळतंच असं कुठे आहे? तुला कुठे कळलं होतं?"

संजय काही तटस्थ नव्हता

हा विषय निघाला की मराठी माणसाला संजय आठवतोच, मग तो सोडायचा कशाला? महाभारतात व्यास धृतराष्ट्राला युद्ध बघायला दृष्टी देऊ करतात आणि तो नको म्हणतो. कुळाचा संहार बघायचा नाही, ऐकेन म्हणतो. गीतेची सुरुवात एका अंध माणसाच्या प्रश्नाने होते: माझ्या आणि पांडूच्या मुलांनी काय केलं? म्हणजे तिथेही प्रश्न आधी येतो आणि वर्णन मागून. गीतेच्या शेवटच्या श्लोकात संजय जय कोणाचा होणार ते सांगतो आणि हे आपलं मत आहे, असंही सांगून टाकतो, आणि तेही ज्याचे मुलगे हरणार आहेत त्या बापाला. ज्ञानेश्वरीत तर नवव्या अध्यायाच्या शेवटी संजय भारावून गेलेला असतो आणि म्हातारा राजा पुराच्या पाण्यात बसलेल्या रेड्यासारखा ढिम्म. सांगणारा वाहवत गेलाय आणि ऐकणाऱ्याचा प्रश्न भलताच आहे. ऑडिओ डिस्क्रिप्शनच्या ट्रेनिंगमध्ये हा प्रसंग ठेवायला हरकत नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. 'मेघदूत' म्हणजे काय आहे? रामगिरीवर अडकलेला यक्ष जिथे स्वतः जाऊ शकत नाही त्या वाटेचं वर्णन ढगाला करतो. रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक, असं आपल्याकडे मानतात. यक्ष डोळ्यांनी ती वाट बघत नसतो. आठवणीने आणि ओढीने सांगत असतो. आणि सरळ उत्तरेची वाट वाकडी करून तो ढगाला उज्जयिनीला जायला लावतो, कारण ती बघितली नाहीस तर काय बघितलंस, असं त्याला वाटतं. चांगला वर्णनकार वाट वाकडी करतो. कुठे करायची, हे त्याला प्रेमाने कळतं आणि ज्ञानाने कळतं. माझ्याकडे मावशीबद्दलचं प्रेम होतं, नाचाचं ज्ञान नव्हतं.

म्हणून 'अपूर्व मेघदूत' हा मराठी प्रयोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. स्वागत थोरात यांनी तो दृष्टिहीन कलाकारांना घेऊन बसवला. १९ कलाकार, संवाद, गाणं आणि नृत्य. थोरात हे २००८ पासून निघणाऱ्या 'स्पर्शज्ञान' या मराठी ब्रेल पाक्षिकाचे संपादक. पूर्ण वर्णनावर उभं असलेलं काव्य, आणि ते नाचून दाखवणारे ते, ज्यांच्यापर्यंत जग वर्णनातूनच येतं. यापेक्षा चपखल जोडी कुठली?

आणि तरीही अशा प्रयोगांबद्दल आपण बोलतो तेव्हा आपलं वाक्य ठरलेलं असतं: 'अंध असूनही'. अंध असूनही किती सफाईने जागा घेतात, अंध असूनही एकमेकांवर आदळत नाहीत. आपण डोळे पुसतो, उभं राहून टाळ्या वाजवतो आणि घरी येतो. या कौतुकात नाच कुठे गेला? लय कशी होती, यक्षाचा विरह पोचला की नाही, कुठला प्रवेश लांबला, हे कोणी बोलत नाही. टीका न करणं हाही एक प्रकारचा अनादरच आहे. आणि आणखी एक प्रश्न आपण विचारत नाही: रंगमंचावर दृष्टिहीन कलाकार असताना समोरच्या खुर्च्यांत दृष्टिहीन प्रेक्षक किती होते, आणि त्यांना काय मिळालं? दृष्टिहीन माणूस नाचला तर आपल्याला चमत्कार वाटतो. दृष्टिहीन माणूस तिकीट काढून नाच बघायला आला तर आपल्याला तो चुकून आल्यासारखा वाटतो. पहिल्यासाठी टाळ्या पुरतात, दुसऱ्यासाठी काम करावं लागतं.

कायदा या बाबतीत आपल्या पुढे आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम २९ सांस्कृतिक जीवनात समान सहभागाची भाषा करतं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने चित्रपटगृहांतल्या सिनेमांसाठी श्राव्य वर्णन आणि कॅप्शनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती सिनेमाची आहेत, रंगमंचावरचा नाच त्यात येत नाही. सिनेमाचं वर्णन एकदा रेकॉर्ड केलं की झालं. नाच रोज थोडा वेगळा असतो, तो रोज कोणीतरी जागेवर बसून सांगावा लागतो.

तळहातावर

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आम्ही तयारी केली. गतभाव करणाऱ्या नर्तकीला आधी भेटलो. तिने दहा मिनिटं दिली. रंगमंचाच्या कोणत्या बाजूला कोणतं पात्र ठेवते, कोणत्या क्रमाने येतात, हे तिने सांगितलं आणि मावशीच्या हाताला धरून दुःशासनाचा आणि द्रौपदीचा हात कसा वेगळा ते दाखवलं. तो हात हातात असताना मावशीचा चेहरा मी बघितला आणि मला हेलन केलर आठवल्या. १९५४ च्या त्यांच्यावरच्या माहितीपटात त्या मार्था ग्रॅहमच्या स्टुडिओत नाचणाऱ्यांना हाताने बघतात. परदेशांत प्रयोगाआधी अशी स्पर्शाची फेरी ठेवण्याची पद्धतच आहे: नेपथ्य, कपडे, वस्तू हाताळून बघायच्या. खर्च जवळजवळ शून्य.

मग प्रोटोकॉल ठरला, एकदम माझ्या धंद्यातला. बोलायचं नाही. तिच्या तळहातावर माझं बोट. एक टिचकी म्हणजे द्रौपदी, दोन म्हणजे दुःशासन, तीन म्हणजे सभेतले बाकीचे. बोट तळहातावर डावी-उजवीकडे सरकलं की नजर तिकडे. बस.

पाऊण प्रसंग हे इतकं सुरेख चाललं की मला पेटंट घ्यावंसं वाटू लागलं. मावशीचे कान मोकळे होते आणि गोष्टही तिच्या हातात होती. फासे पडले. पलटा, एक टिचकी. पलटा, दोन. तिच्या श्वासावरून कळत होतं की ती आत आहे. मग वस्त्रहरण आलं. द्रौपदी ओढणारा हात सोडवायचा प्रयत्न करते, आणि एका क्षणी तो प्रयत्नच सोडून देऊन दोन्ही हात वर करते. नर्तकीने ते ज्या संथपणे केलं... मी बघत राहिलो. माझा संजय झाला. बोट तळहातावर तसंच पडून राहिलं.

कार्यक्रम संपल्यावर मावशी म्हणाली, "सगळं नीट सांगितलंस, आणि जे सांगायला गेलो होतो नेमकं तेच चुकवलंस. हात सोडले ना तिने? कधी सोडले?"

मी मान्य केलं. तिने मग रिक्षात मला माझं वर्णन पुन्हा करायला लावलं, तीनदा. दोन्ही हात एकदम सुटले की एक आधी? मान आधी वर गेली की हात? तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "हां. म्हणजे बरोबर केलं तिने." आणि मग स्वतःचे दोन्ही हात, रिक्षाच्या टपाला लागतील एवढेच, वर नेऊन बघितले.

म्हणून हा लेख. नृत्याचे कार्यक्रम करणाऱ्यांना माझी विनंती मोठ्या खर्चाची नाही. प्रयोगाआधी दोन मिनिटांची व्हॉइस नोट करा: कोण आहे, कुठे उभं राहणार, गोष्ट कुठे वळणार. तिकीट विकतानाच सांगा की स्पर्शाची फेरी आहे. मूक प्रसंगात पात्राचं नाव कसं पोचवायचं, ते तालमीत ठरवा. पढंत करणाऱ्याच्या तोंडी एक शब्द घाला, तबल्याला प्रत्येक पात्राची वेगळी थाप द्या. यातलं काहीही नाचाचं नुकसान करत नाही. उलट द्यूतसभेत मागच्या रांगेतल्या अर्ध्या डोळस प्रेक्षकांनाही 'आता कोण' हे कळत नव्हतं, हे मध्यंतरातल्या गप्पांवरून मला पक्कं ठाऊक आहे. आणि हे ठरवताना खोलीत एक तरी असा माणूस असू द्या ज्याला दिसत नाही, आणि ज्याला नाच आवडतो. त्याचा प्रश्न आधी ऐका.

समीक्षा लिहिणाऱ्यांनाही एक विनंती आहे, त्यात मीही आलो. 'अंध असूनही' हे शब्द काही दिवस वापरू नका. मग लिहायला काय उरतं ते बघा.

एक कबुली राहिली. आमच्या टीमच्या ॲपमध्ये एक बटण आहे, त्यावर आलं की मावशीचा टॉकबॅक 'अनलेबल्ड' म्हणतो. ते तिने मला वर्षभरापूर्वी सांगितलं होतं. मी तिकीट टाकलं होतं, प्रायॉरिटी तीन, आणि विसरलो होतो. एका ओळीचं काम होतं. परवा केलं. मावशीला फोन करून सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं. आता पुढच्या महिन्यात भरतनाट्यम आहे, त्यात पात्रं जास्त असतात. बोटं पुरतील का तुझी?"